वाक्य नंबर सतरा

शाळा तपासायला साहेब आले होते आणि त्यांच्या चहाबरोबर द्यायला स्टँडवरून पाच कचोऱ्या आणायच्या होत्या. ते काम माझ्याकडे आलं. मी ग्रामसेवकाचा मुलगा, म्हणजे घरचं वळण बरं असणार, असा मोताळ्यात तेव्हा एक गैरसमज होता. स्टँडवरून पाच कचोऱ्या निघाल्या आणि साहेबांच्या टेबलावर तीन पोचल्या. इंग्रजीच्या सरांनी मला व्हरांड्यात घेतलं.

"दोन कुठी गेल्या बे?"

"खाल्ल्या सर."

"तू खाल्ल्या?"

"हाव."

हो म्हटलं आणि मी हात पुढे केला. छडी बसली असती तर संध्याकाळपर्यंत दुखली असती आणि विषय मिटला असता. पण सरांनी खिशातून एक वही काढली आणि तिच्यात एक ओळ लिहिली. ती ओळ मला आज तेहतीस वर्षं दुखते आहे.

'द ग्रामसेवक्स सन एट द इन्स्पेक्टर्स कचोरीज.'

दुसऱ्या दिवशी ही ओळ फळ्यावर आली. मग तिचा पॅसिव्ह झाला. साहेबांच्या कचोऱ्या पुढे आल्या, मी मागे गेलो, आणि आमच्या दोघांमध्ये 'बाय' उभा राहिला. पुढच्या आठवड्यात काळ शिकवायला सुरुवात झाली. मी कचोऱ्या खातो, मी कचोऱ्या खात आहे, मी कचोऱ्या खाल्लेल्या असतील. इंग्रजीत बारा काळ आहेत आणि बाराही काळांत मी खात राहिलो. त्यातल्या चार काळांचा पॅसिव्ह होत नाही म्हणतात. मला विश्रांती म्हणून जी काय मिळाली ती तेवढीच.

आता सरांविषयी. सरांना पुस्तकातली वाक्यं चालत नसत. आमच्या पुस्तकात एक राजू होता आणि तो आंबा खायचा. सर पुस्तक टेबलावर आपटून विचारायचे, "कोन हा राजू? कोन्या गावचा? जून असो का जानेवारी, आंबाच खाऊन राह्यला. थंडीत आंबा आनला कुठून यानं?" मग पुस्तक उचलायचे. सर म्हणायचे, "ज्या मानसाचा पत्ता नाई, त्याचा पॅसिव्ह करून काय करता?" आणि राजूला आंब्यासकट मिटून ठेवायचे.

त्याऐवजी त्यांची वही होती. निळ्या पुठ्ठ्याची, दोऱ्याने बांधलेली. तिच्यात मोताळ्याची माणसं होती, एकेका वाक्यात एकेक. जब्बारभाई गाद्या पिंजतात. लीलाबाई बाजारात वांगी विकते. पोस्टमन दुपारी झोपतो. ही वाक्यं सर इंग्रजीत सांगायचे आणि आम्ही उलटी करायचो. 'बाय' आला की सर डस्टर टेबलावर असं आपटायचे की पुढच्या बाकावरची पोरं खडूच्या पिठात न्हाऊन निघायची. त्यावरून त्यांचं नाव बाय-सर पडलं होतं. ते त्यांना माहीत होतं. कोण म्हणतं याचं वाक्यही वहीत होतं, नावानिशी.

वहीचा नियम एकच, वाक्य खरं पाहिजे. आणि खरं म्हणजे सरांनी स्वतः जाऊन पाहिलेलं. पोस्टमनच्या वाक्यासाठी ते तीन दुपारी सायकल काढून गेले होते. पहिल्या दोन दुपारी पोस्टमन जागा सापडला, म्हणून वाक्य अडलं. तिसऱ्या दुपारी झोपला, तेव्हा लिहिलं. तो बिचारा आपल्यामुळे शाळेच्या पोरांचं शिक्षण खोळंबलंय हे न कळता जागा राहिला होता.

आपण वहीत यावं असं गावात पुष्कळांना वाटायचं. एका निवडणुकीत उभ्या राहिलेल्या एका पुढाऱ्यांनाही वाटलं. नववी-दहावीची पोरं आपलं नाव रोज मोठ्याने घोकतात, याहून स्वस्त प्रचार कुठला. ते स्वतः सरांकडे आले आणि 'साहेब रस्ते बांधतात' असं एक साधं वाक्य घ्या म्हणाले. सर लगेच सायकलवर बसून रस्ता बघायला गेले. दोन तासांनी सायकल हातात धरून, पायी परत आले. पुढची ट्यूब आणि मागची ट्यूब, दोन्ही गेल्या होत्या. त्यांनी पुढाऱ्यांना निरोप धाडला की रस्ता झाला का मी तुमच्या घरी येऊन वाक्य लिहितो, तोवर माझ्या ट्यूबांचं एक वाक्य झालं आहे, ते चालत असेल तर बघा.

जब्बारभाई गेले तेव्हा मी दहावीत होतो. दुसऱ्या दिवशी सरांनी वर्गात वही उघडली, जब्बारभाईंचं वाक्य फळ्यावर वर्तमानकाळात लिहिलं, पुसलं, आणि भूतकाळात लिहिलं. मग म्हणाले, "उभे ऱ्हा." आम्ही साठ पोरं उभी राहिलो. नंतर जब्बारभाईंचा मुलगा शाळेत आला आणि अब्बांचं नाव वहीतून काढू नका म्हणाला. सर म्हणाले, "मानूस भूतकाळात जाते बाबू, वहीतून नाई जात." मग त्याला विचारलं की आता दुकानावर कोण बसणार. तो म्हणाला मीच. सर चार दिवसांनी दुकानावर जाऊन त्याला गादी पिंजताना बघून आले आणि वर्तमानकाळातली जागा त्याला दिली.

अशा वहीत मी सतरा नंबरवर होतो. बाकी सगळ्यांची सरांनी तपासणी केली होती. माझी केली नव्हती, कारण मी कबुली दिली होती.

पुढे संस्थेने सरांची बदली तीन वर्षांसाठी जळगाव जामोदच्या शाळेवर केली. मला वाटलं, गेली पीडा. पण सर जाताना वही घेऊन गेले. त्यामुळे मी सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत जाऊन पोचलो, ते मला काही वर्षांनी कळलं. नोकरी लागल्यावर मी मुलगी बघायला जळगाव जामोदला गेलो. मुलगी ट्रे घेऊन आली. ट्रेमध्ये चहा, आणि बशीत दोन कचोऱ्या. मी कचोऱ्यांना हात लावला नाही. कुठल्याही पाहुण्याच्या घरी लावत नाही. तिने बशी माझ्यापुढे आणखी थोडी सरकवली आणि विचारलं, "मोताळ्याच्या ग्रामसेवकाचा मुलगा, तो तुम्हीच का?"

तिच्या वडिलांनी कप बशीत ठेवला. त्यांना वाटलं काही पोलिसी भानगड आहे. माझ्या मामांनी माझ्याकडे असं पाहिलं की आता नाही म्हण, पुढचं मी बघतो.

"हाव," मी म्हणालो.

लग्न ठरलं. बायकोने मला नंतर सांगितलं की त्या एका 'हाव'वर ठरलं. चार पाहुण्यांपुढे जो माणूस असली गोष्ट कबूल करतो, तो जन्मात आपल्यापासून काही लपवणार नाही, असं तिने तिच्या आईला स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं होतं. हे ऐकून मी मान खाली घातली. तिला वाटलं, लाजलो.

खरी गोष्ट अशी आहे की मी त्या कचोऱ्या खाल्ल्याच नव्हत्या.

तो बाजाराचा दिवस होता. बाजारात एक जादूवाला तोंडातून लोखंडी गोळे काढत होता. मी उभा राहिलो. चौथा गोळा निघाल्यावर त्याने सगळ्यांना टाळ्या वाजवायला सांगितल्या आणि मी वाजवल्या, दोन्ही हातांनी. कचोऱ्यांची पुडी त्याच हातांत होती हे मला टाळी वाजून गेल्यावर आठवलं. पाची कचोऱ्या जमिनीवर. मी वाकेपर्यंत एका बकरीने दोन उचलल्या. उरलेल्या तीन मी शर्टाला पुसल्या, पुडीत घातल्या आणि नेऊन दिल्या. साहेबांनी आवडीने खाल्ल्या. अशा खुसखुशीत कचोऱ्या बुलढाण्यातही मिळत नाहीत, असं त्यांनी हेडमास्तरांना ऐकवलं. आता मला सांगा, सर व्हरांड्यात विचारतात की दोन कुठे गेल्या, तेव्हा मी काय सांगायला हवं होतं? सांडल्या म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न उरलेल्या तीनचा होता.

म्हणून खाल्ल्या म्हणालो. आणि मग ते खरं करत बसलो. कचेरीत लोणारहून नवा आलेला कारकून पहिल्याच आठवड्यात डबा माझ्या टेबलापासून लांब ठेवायला लागला, तेव्हाही मी हसलो. सवय झाली होती.

सर निवृत्त झाले आणि घराच्या ओट्यावर सकाळी क्लास घ्यायला लागले. ओट्याची भिंत काळी रंगवून घेतली, तोच फळा. गेल्या जूनमध्ये माझी मुलगी नववीत गेली आणि आम्ही तिला तिथे घातलं, कारण तालुक्यात पॅसिव्ह व्हॉइस त्यांच्याइतका चांगला कुणी शिकवत नाही. हे मी बायकोपुढे म्हणालो. माणूस आपल्याच हाताने काय काय ओढवून घेतो.

एका शनिवारी संध्याकाळी जेवताना मुलगी म्हणाली, "बाबा, आमच्या वहीत एक ग्रामसेवकाचा मुलगा हाय. किती खादाड असन तो. साहेबाच्याच कचोऱ्या खाल्ल्या त्यानं."

माझी आई म्हणाली, "ग्रामसेवक तं तुहे आजोबाच होते ना वं."

बायको पदर तोंडाशी धरून आत गेली. मुलगी थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग तिच्या ताटातली पुरणपोळी तिने ताटाच्या पलीकडच्या कडेला सरकवली.

रविवारी सकाळी मी सरांकडे गेलो. ते ओट्यावर बसून सायकलच्या चेनला तेल देत होते. मी सत्तेचाळीस वर्षांचा, वरिष्ठ सहायक, अर्ध्या टकलाचा. सरांनी वर बघून विचारलं, "काय बे, कचोरी खाल्ली का आज?"

मी म्हणालो की सर, माझं वाक्य काढून टाका. मुलगी मोठी झाली आहे. सर म्हणाले, वहीतून वाक्य निघत नाही. मी म्हणालो, मग दुसऱ्या कुणाचं नाव घाला. सरांनी तेलाची बाटली खाली ठेवली. "मले हे सांग, वाक्य खोटं हाय का? खोटं असन तं आत्ता खोडतो. खरं असन तं देव आला तरी खोडनार नाई."

खोटं आहे म्हणायला मी गेलोच नव्हतो. तेहतीस वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं. पण ताटाच्या कडेला गेलेली ती पुरणपोळी माझ्या डोळ्यांपुढे आली आणि मी सगळं सांगून टाकलं. जादूवाला, टाळी, बकरी, शर्ट.

सरांनी चष्मा काढला.

"म्हंजे त्या तीन जमिनीवरच्या होत्या?"

"हाव सर."

"साहेबानं दोन खाल्ल्या. एक हेडमास्तरनं घेतली. त्यातली अर्धी मले देल्ली होती."

"हाव सर. मी पाहिलं होतं."

"अन चटनी?"

"चटणी वेगळ्या पुडीत होती सर. ती नाही सांडली."

"तेवढं तरी," सर म्हणाले. मला वाटलं आता हसतील. माझी तयारी हसण्याचीच होती. पण सर बोटांवर काहीतरी मोजायला लागले. इथली बॅच, जळगावची तीन वर्षं, परत इथली. मोजता मोजता मध्येच थांबले.

"मी त्या आंबेवाल्या राजूले हसत होतो," ते म्हणाले. "आता त्या राजूत अन तुह्यात फरक काय राह्यला?"

मी म्हणालो, जाऊ द्या सर, एक वाक्य तर आहे.

"तू काऊन सांगतं मले जाऊ द्या? चाल."

त्यांनी सायकल काढली, मला मागे बसवलं आणि बाजारात नेलं. वाटेत तीन जणांनी नमस्कार केला, तो सरांना. माझ्याकडे बघून ते हसले. जादूवाला उभा होता ती जागा दाखव, असं सर म्हणाले. तिथे आता मोबाइलच्या रिचार्जचं दुकान आहे. सरांनी दुकानदाराला विचारलं की इथे तेहतीस वर्षांपूर्वी बकऱ्या फिरायच्या का. दुकानदाराचं वय पंचवीस. त्याने सरांना पाण्याचा ग्लास दिला. मग सर लीलाबाईंकडे गेले. त्या अजून वांगी विकतात, वहीत अजून वर्तमानकाळात आहेत. लीलाबाई म्हणाल्या, बकऱ्या तेव्हाही होत्या, आताही हायत, माझी कोथिंबीर पाहा ना. सरांनी कोथिंबीर पाहिली. खाल्लेली होती. त्यांचं समाधान झालं.

"बकरी कोनाची होती?" त्यांनी मला विचारलं.

"माहीत नाही सर."

"आठव ना बे. मालकाचं नाव लागते."

मी भर बाजारात उभा राहून तेहतीस वर्षांपूर्वीची एक बकरी आठवायचा प्रयत्न केला. नाही आठवली. सर म्हणाले, ठीक आहे, मग बकरी बेवारस लिहावी लागेल. घरी परतताना त्यांनी मला सायकल चालवायला दिली आणि स्वतः मागे बसले. चढावर मला धाप लागली. सर मागून म्हणाले, "न खाता एवढा कसा सुटला तू?" बस, तेवढंच. मला बरं वाटलं. म्हटलं, मिटलं.

सोमवारी संध्याकाळी मी कचेरीतून आलो तर मुलगी वही घेऊन दारातच बसली होती. आई मंदिरात गेली होती. स्वयंपाकघरातून करपल्यासारखा वास येत होता आणि बायको ओटा घासत होती. तीही हात थांबवून ऐकायला लागली, कारण मुलीने सकाळची हकीकत सुरू केली.

पोरं आल्या आल्या सरांनी भिंतीवर सतरा नंबरचं वाक्य लिहिलं आणि पुसलं. मग म्हणाले, "उभे ऱ्हा." पोरं उभी राहिली. माझ्या न खाल्लेल्या कचोऱ्यांना मोताळ्याच्या नववीने अशी उभं राहून मानवंदना दिली. नंतर त्यांनी नवी वाक्यं लिहिली. एक काढायला गेलो होतो, बदल्यात चार मिळाली. ग्रामसेवकाच्या मुलाने साहेबांच्या कचोऱ्या सांडल्या. एका बकरीने त्यातल्या दोन खाल्ल्या. ग्रामसेवकाचा मुलगा सरांशी खोटं बोलला. म्हणजे आधी मी नुसता खादाड होतो, आता धांदरट आणि लबाड असं दुहेरी झालो, आणि खायलाही काही मिळालं नाही.

"अन चौथं?" मी विचारलं.

मुलीने वही उघडून वाचून दाखवलं. 'द टीचर डिड नॉट चेक द सेंटन्स.'

सरांनी मोताळ्याची सगळी माणसं वहीत घेतली होती, पण स्वतःला कधी घेतलं नव्हतं. मुलगी म्हणाली, त्या वाक्याचा पॅसिव्ह आम्ही केला तेव्हा 'बाय'वर सरांनी डस्टर आपटलंच नाही. डस्टर हातात धरून उभे राहिले. आम्हाला वाटलं विसरले, म्हणून आम्ही परत एकदा मोठ्याने म्हटलं. तरी नाही आपटलं.

मी खुर्चीवर बसलो. एका वाक्यासाठी तीन दुपारी पोस्टमनच्या खिडकीत डोकावणारा माणूस, त्याला मी काय सांगून आलो आणि कशासाठी, याचा हिशेब मला लागेना. मुलगी जवळ आली. "बाबा, तुम्ही खरंच नव्हत्या खाल्ल्या?" मी मान हलवली. तिने आत जाऊन शनिवारची उरलेली अर्धी पुरणपोळी आणली आणि माझ्या हातात ठेवली.

बायको मात्र ओट्याशीच उभी होती. मला तिचीच भीती होती. वीस वर्षांपूर्वीच्या एका 'हाव'वर तिने हा संसार मांडला होता, आणि ते 'हाव' खोटं होतं हे तिला आत्ता, पोरीच्या वहीतून कळलं होतं. माझ्या तोंडून नाही. मी पोळी तशीच हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो.

ती म्हणाली, "इतके वर्सं मी समजत होती का आपला नवरा खाऊन कबूल करते. हा तं न खाताच कबूल करते."

मी म्हणालो, तेव्हाच सांगायला पाहिजे होतं, चुकलंच माझं.

तिने फडकं पिळलं आणि ओट्यावर वाळत घातलं. "आता असं करा. आई मंदिरातून येतीन अन पहिले विचारतीन का दूध कोनं उतू घालवलं. तुम्ही सांगून द्या का मी घालवलं. तुम्हाले जमते."